कुरडयांचा आठवडा

१६ मार्च २०२६, सोमवार

सकाळी चहा केला. कारखान्यात गेलो. दुपारी शटडाऊनच्या तारखा पक्क्या केल्या. संध्याकाळी घरी आलो. भात कच्चा राहिला होता, तसाच खाल्ला.

दिवस एवढाच होता. ही डायरी आमचा बेअरिंगवाला व्यापारी दर जानेवारीत देतो. मी ती बायकोला, सरोजला, देत असे आणि ती तिच्यावर गरम पातेली ठेवत असे. पुठ्ठा जाड असतो. यंदा पातेली ठेवायला कुणी नाही, म्हणून मी तिच्यात लिहायला घेतलं आहे. पातेल्यांइतका चांगला उपयोग होईल असं वाटत नाही.

माझं काम लोकांना सांगायला अवघड आहे. यंत्र बिघडल्यावर दुरुस्त करणारे वेगळे असतात. ते बिघडायच्या आधी कधी थांबवायचं, कुणी उघडायचं, कोणता भाग आधी आणून ठेवायचा, हे मी ठरवतो. सगळं नीट झालं तर काही झालंच नाही असं दिसतं. नीरजा चौथीत असताना निबंधात तिनं लिहिलं होतं, 'माझे बाबा तारखा काढतात.' बाईंना वाटलं मी भटजी आहे.

आमचा कारखाना पुठ्ठ्याचा, भोरहून कापूरहोळला जाताना लागतो. वर्षातून एकदा बॉयलर विझवून उघडायचा, आतून साफ करायचा आणि सरकारी निरीक्षकांना दाखवायचा. परवान्याची मुदत पंधरा एप्रिलला संपते. त्याआधी तपासणी झाली नाही तर बॉयलर पेटवता येत नाही, आणि बॉयलर नाही तर कारखाना नाही. निरीक्षकांनी शुक्रवार, दहा एप्रिल दिली आहे. ती बदलत नाही. म्हणून सात तारखेला रात्री विझवायचा, आठला थंड होऊ द्यायचा, नऊला उघडून साफ करायचा, दहाला दुपारी निरीक्षक. एकवीस एप्रिल मी मुद्दाम लांब ठेवली आहे. त्या दिवशी सरोजला जाऊन वर्ष होईल. रजेचा अर्जही दिला.

दर वर्षी या तारखा मी सकाळी चहाच्या वेळी सरोजला वाचून दाखवत असे. तिला त्यातलं कळत नसे, पण ऐकायची. बहुतेक वर्षी म्हणायची, "त्या आठवड्यात नको हो. त्या आठवड्यात माझ्या कुरडया असतात. तुमचे अवेळी डबे मला जमायचे नाहीत." मग मी तारखा मागे-पुढे करत असे. बॉयलरचा आणि कुरडयांचा काय संबंध, पण घरातल्या माणसाचं मन राखायला माझं काही जात नव्हतं. कारखान्यात मी हे कधी सांगितलं नाही. नऊ वर्षांत माझा एकही शटडाऊन फसला नाही आणि त्याबद्दल मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं आहे.

यंदा तारखा कुणाला वाचून दाखवल्या नाहीत. कुणी हरकत घेतली नाही, म्हणून पक्क्या केल्या.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. कारखान्याला सुट्टी. वर्ष फिटलं नाही म्हणून गुढी नाही. शेजारच्या बाळाबाई पुरणपोळी घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "कटाची आमटी पन हाय. पन तुमी ती उतू घालवनार." त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

दुपारी शेगडी घासताना गेल्या वर्षीचं आठवलं. सरोज सकाळी चहा ठेवून खाली बसली आणि उठली नाही. त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. एक गोष्ट मात्र उगाच डोक्यात राहिली आहे. तिच्या माहेरची माणसं टेम्पोतून आली, त्यांनीच खांदा दिला, आणि पुढच्या दोघांच्या कानामागे गुलाल होता. कुणाच्या तरी लग्नातून आले असावेत. मला तेव्हा राग आला होता. तोंड धुऊन यायला किती वेळ लागतो?

२३ मार्च, सोमवार

सरोजच्या आईंचा, सगुणाबाईंचा, उंबरवाडीहून फोन आला. तिथं रेंज नसते. त्या देवळाच्या मागच्या खडकावर चढून बोलतात. त्यामुळं कामाचं तेवढंच बोलतात.

"दिस ध्यानात हाय न्हवं, जावयबापू?"

"हो आई. रजा टाकली आहे."

"ब्येस झालं. सकाळीच येतो आमी. स्वयपाकाचं मी बघीन, तुमी काय बी करू नगा."

"बरं."

माझ्याकडून कुणाला अपेक्षा नाहीत हे एका परीनं बरं असतं.

२८ मार्च, शनिवार

शटडाऊनची नोटीस लावली. दुपारी गेनबा आला. गेनबा खलाशांचा मुकादम. जड वस्तू उचलणं, बॉयलरची झाकणं काढणं, आत शिरून काजळी आणि खपल्या काढणं ही त्याच्या टोळीची कामं. टोळी अख्खी उंबरवाडीची, म्हणजे नात्यानं सगळे माझे मेहुणे. चारचौघांत तो मला साहेब म्हणतो, एकटा असला की दाजी. आज चारचौघांत दाजी म्हणाला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"दाजी, ह्या तारखा कुनी काढल्या?"

"मी."

"एकट्यानं?"

"एकट्यानंच काढतो मी."

"व्हय, व्हय." तो नोटिशीकडं बघत राहिला. "आष्टमीला आमच्या भैरोबाची जत्रा हाय. दहा तारखेला. आदल्या रातीला छबिना, दुसऱ्या दिशी कुस्त्या. ह्या दिसांत वाडीतनं मानूस सोडा, कुत्रं बी भाईर पडत न्हाई."

मी म्हणालो, "गेनबा, कारखाना तिथीवर चालत नाही."

"न चालंना. मग तिथीवर न चालनारी मानसं आना."

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. जाताना तो हळूच म्हणाला, "दर साली आक्काला फोन करायचो मी. आक्का म्हनायची, बघते रं. मंग तारीख हालायची. औंदा कुनाला करू?"

आक्का म्हणजे सरोज. हा नुसता योगायोग होता हे मी त्याला सांगणार होतो. तारखा हलायचं कारण वेगळंच असे. पण मुकादमापुढं कुरडयांचं नाव काढायचं मला बरं वाटलं नाही.

३१ मार्च, मंगळवार

दुसरी टोळी शोधतो आहे. शिरवळच्या ठेकेदाराची माणसं आधीच दुसरीकडं अडकली आहेत. सारोळ्याचा म्हणाला, "साहेब, चैत्रात मानसं मागताय व्हय?" आणि फोन ठेवला. तिसऱ्याची माणसं मोकळी होती, पण त्यांनी बॉयलर आतून कधी पाहिलेला नाही. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "शिकवा की, शिरतो आत." त्याच्या धीटपणाची मला भीती वाटली.

आता एकच मार्ग उरला आहे. गुरुवारी उंबरवाडीला जाऊन आईंना सांगायचं की गेनबाला समजवा. जावयाचं ऐकतील. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. या काळात मी त्यांच्याकडं काही मागितल्याचं आठवत नाही. आता एकदम बॉयलर मागणार.

२ एप्रिल, गुरुवार

गुंजवणी धरणाच्या कडेनं उंबरवाडीला गेलो. स्कूटर चढाला दोनदा बंद पडली. तिची देखभाल माझ्याच तक्त्यात आहे.

वाडीत देवळाला रंग चालला होता. आई ओट्यावर गहू पाखडत होत्या. मी जाताना तीन मुद्दे पाठ केले होते. चहा झाल्यावर तिन्ही सांगितले. त्यांनी सुपातली नजर काढली नाही, पण सगळं ऐकलं.

"म्हंजी आमच्या पोरांनी जत्रा सोडून तुमच्या भट्टीत शिरायचं."

"बॉयलर, आई."

"त्येच त्ये. आन तुमी सोता त्या दिशी कुठं आसनार?"

"कारखान्यात. मला तिथं असावंच लागतं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मंग मला दिस ध्यानात हाय म्हनून कशापायी सांगितलं?"

"आहे की. एकवीस तारीख."

"एकवीस तारीख कालिंडराची, जावयबापू. मानूस तिथीनं जातं. माझी पोर आष्टमीला गेली. पालखी येशीत हुती. देवळामागं खडकावर हुभ्या पोराला तुमच्या शेजारच्या बाईचा फोन आला आन हालगी थांबली. पोरं पालखी तितंच टेकवून टेम्पोत बसली. तोंडं बी धुतली न्हाईत कुनी."

चहाची कपबशी माझ्या हातात होती. ती कुठं ठेवायची ते मला बराच वेळ सुचेना.

सरोज होती तोवर स्वयंपाकघरात तिथीवारांचं कॅलेंडर असे. ते ती आणायची. यंदा भिंतीवर व्हॉल्व्हवाल्यानं दिलेलं आहे, त्यात नुसते आकडे आणि बर्फाच्या डोंगराचा फोटो. दहावं-तेरावं भावकीनं सांगितलं तसं केलं. पुढचं वर्षावर होतं, आणि वर्ष मोजायला माणसाला शिकवावं लागतं असं कुणाला वाटलं नसेल. मी एकवीस तारीख जपून बाजूला ठेवली आणि तिच्या खऱ्या दिवसावर बॉयलर आणून ठेवला.

निघताना आई म्हणाल्या, "गेनबाला म्या काय बी सांगनार न्हाई. तुमचं तुमी ठरवा. आमी सकाळी तुमच्याकडं येनार, पोरीचं पान वाढनार, दुपारनं पालखीला माघारी. तुमी नसलात तर नीरजा बसंल."

रस्त्यात रेंज आल्यावर नीरजाला पुण्याला फोन केला. तिनंही एकवीसची रजा घेतली होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही प्लॅनिंगमध्येच आहात ना?"

ती घड्याळाबद्दलही काही म्हणाली, ते लिहीत नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

रात्रभर विचार केल्यावर जे सुचलं ते दहा मिनिटांत सुचण्यासारखं होतं. बॉयलर दोन दिवस आधी विझवायचा. पाचला संध्याकाळी विझवला तर सातला उघडेल, आठला साफ होईल, नऊला दुपारी टोळी मोकळी. मग तो तसाच उघडा ठेवायचा. निरीक्षक शुक्रवारी दुपारी येतील तेव्हा मी वर्षश्राद्ध उरकून पोचलेला असेन. टोळी रविवारी परत येऊन झाकणं लावेल, पाण्याच्या दाबाची चाचणी सोमवारी. अडचण एवढीच की कारखाना दोन दिवस जास्त बंद राहील, आणि ते विराज साहेबांना पटवायचं होतं.

विराज आमचे प्लँट मॅनेजर. नीरजापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. मला काका म्हणतात. मी आजवर त्यांच्याशी कधी वाद घातलेला नाही. त्याची सवय नसल्यानं मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली.

"काका, बसा तरी. दोन दिवस? रविवारची डिस्पॅच आहे आपली. हेड ऑफिसला काय सांगू? देवाची जत्रा आहे म्हणून मशीन बंद?"

"टोळी येणार नाही."

"दुसरी आणा."

"नाही मिळत."

"मिळते हो, तुम्हीच म्हणता ना दर वर्षी, सगळं आधी ठरवलं की सगळं मिळतं."

हे मी खरंच म्हणत असतो. ट्रेनिंगच्या वेळी फळ्यावरही लिहितो.

मग मी म्हणालो, "दहा तारखेला माझ्या बायकोचं वर्षश्राद्ध आहे."

विराज हळू आवाजात म्हणाले, "अहो मग रजा घ्या ना काका. कोण नाही म्हणतंय? त्यासाठी अख्खा प्लॅन कशाला हलवता?"

प्रश्न बरोबर होता. मी त्यांच्या जागी असतो तर हाच विचारला असता. तोंडातून जे आलं ते असं: "टोळीही तिचीच आहे. त्यांनी गेल्या वर्षी जत्रा सोडली होती."

त्यांनी टेबलावरचा डिस्पॅचचा कागद ओढून वाचला. मग म्हणाले, "रविवारी पाचपर्यंत माल गाडीत चढला पाहिजे. त्यानंतर विझवा. पण शुक्रवारी काही राहिलं तर माझी मान जाईल, आणि माझ्याआधी तुमची."

मी हो म्हणालो. जागेवर येऊन संगणकात तारखा बदलल्या. तो बदलाचं कारण विचारतो आणि यादीतूनच निवडायला लावतो: सुटे भाग नाहीत, मनुष्यबळ नाही, हवामान. मी हवामान निवडलं.

५ एप्रिल, रविवार

माल गेला. शेवटची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर बॉयलर विझवला. गेनबाला सांगायला गेलो तर त्याला आधीच माहीत होतं. "आक्कावानी केलंत की दाजी," एवढं म्हणून तो तंबाखू मळायला लागला.

७ एप्रिल, मंगळवार

मोठ्या झाकणाचा एक नट निघेना. तेल सोडलं, तापवला, पाना घालून दोघं लोंबकळले. गेनबा बाजूला उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जावयासारखा नट हाय. फुगून बसलाय. येकदा मानपान करा त्येचा."

"कसला मानपान?"

"आवो, सोन्याची आंगठी न्हाई मागत त्यो. हातोडी द्या."

मी हातोडीला नाही म्हणालो. नियमात बसत नाही. पुन्हा तापवला. दुपारचं जेवण झालं तरी हलेना. मी तक्ता काढून बघत बसलो, जणू तो बघून नट निघतो. टोळी जेवायला बसली असताना नट आपोआप सुटला. तापवलेलं लोखंड निवायला वेळ लागतो, बाकी काही नाही. गेनबा म्हणाला, "बघा, कुनी बघत नसलं का सोडतोय फुगवा."

८ एप्रिल, बुधवार

टोळी आत. मी बाहेर, आत शिरलेल्यांची नावं लिहीत. आतून गाणी म्हणत होते. बाहेर आल्यावर सगळे सारखेच काळे. जत्रेला जायचं म्हणून कुणी कुरकुरत नव्हतं. मी मात्र कुरकुरलो, विनाकारण, आणि नंतर चहा पाजला.

९ एप्रिल, गुरुवार

दुपारच्या आत काम संपलं. बॉयलर आतून मी स्वतः पाहिला. गेनबा म्हणाला, "आरशावानी हाय. दाढी करा हितं." टोळी अंघोळी करून टेम्पोत चढली आणि गेली. टेम्पोत आधीच एक हलगी होती. ती दोन दिवस कुठं लपवली होती कोण जाणे.

तासाभरानं निरीक्षकांच्या कार्यालयातून फोन आला. साहेब उद्या दुपारऐवजी सकाळी दहाला येतील, दुपारी त्यांना दुसरीकडं जायचं आहे.

गुरुजीही दहालाच यायचे आहेत.

विराज म्हणाले, "काका, अर्धा तास तरी येऊन जा. घर जवळच तर आहे." मी म्हणालो, सांगतो. घरी आलो. नीरजा आली आहे. तिनं स्वयंपाकघर आवरलं आणि ओट्याखालचा जळका तवा मला दाखवून फेकून दिला.

खरं लिहायचं तर मला कारखान्यात जावंसं वाटतं आहे. निरीक्षकांची काळजी आहे, पण ते कारण नाही. बॉयलरपाशी काय करायचं ते मला कळतं. उद्या पाटावर बसून काय करायचं ते कळत नाही.

विराजना कळवलं की मी येणार नाही. एका ओळीचा निरोप लिहायला मला वरणभातापेक्षा जास्त वेळ लागला.

१० एप्रिल, शुक्रवार. चैत्र वद्य अष्टमी

तिथी नीरजानं सांगितली म्हणून लिहिली आहे.

सकाळीच उंबरवाडीचा टेम्पो दारात. आई, गेनबा आणि आणखी दोघं. रात्री छबिना झालेला, डोळे सगळ्यांचे लाल. आईंनी पदर खोचला आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. गुरुजी वेळेवर आले. निरीक्षकही आले असणार.

मी पाटावर होतो. मोबाईल नीरजाकडं होता. मधेच वाजला. माझं लक्ष तिकडं गेलं. गुरुजी थांबले आणि म्हणाले, "घ्यायचा असेल तर घ्या." मी मान हलवून नको म्हटलं. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला. नीरजा तो घेऊन परसात गेली. आली ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बॉयलरच्या आत न्यायचा छोटा दिवा कुठं आहे विचारतायत."

मी त्या वेळी नाक धरून बसलो होतो, बोलता येत नव्हतं. मोकळ्या हातानं खूण केली: उजवं कपाट, खालचा कप्पा. गुरुजी म्हणाले, "अं हं, तो हात नाही."

पुढं नीट झालं. मी सरोजचं नाव घेतलं, पाणी सोडलं. मागं गेनबा उभा होता. त्याचा घसा नेहमी बसलेला असतो, आज जास्त होता. छबिन्यात ओरडला असेल.

जेवताना विराजचा निरोप आला. निरीक्षक आत शिरून बाहेर आले, कपडे झाडायला लागले आणि झाडण्यासारखं काही सापडलं नाही. सोमवारची चाचणी झाली की परवाना. गेनबाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग? कुनाची टोळी हाय!" आणि भात मागितला.

पानात कुरडई होती. आईंनी माझ्यापुढं एक पत्र्याचा डबा ठेवला.

"ह्यो घ्या. दर सालचा."

"दर सालचा?"

"कुरडयाचा. गेनबाच्या हातनं धाडायची न्हवं का सरूला."

"पण सरोज घरी करायची ना कुरडया?"

आई हसल्या. आज पहिल्यांदाच. "सरू? ती कवा बसली उन्हात? डोस्कं धरायचं तिचं. लगीन झाल्यापास्नं येक कुरडई घातली नसंल पोरीनं. म्याच धाडायची."

गेनबा ताटात बघत जेवत होता. मी नंतर भात घेतला की नाही आठवत नाही.

दुपारी आई म्हणाल्या, "वरीस फिटलं. आता देवाला या." टेम्पोत बसलो. वेशीत पालखी थांबली होती. गेल्या वर्षी तिथंच टेकवली होती, असं मला कुणीतरी बोटानं दाखवलं. मग हलगी सुरू झाली आणि गेनबानं माझ्या तोंडाला गुलाल फासला. मला गर्दी आवडत नाही. पण पालखीचा दांडा खांद्यावर आला तेव्हा जड होता आणि मला जड काही हवं होतं.

१२ एप्रिल, रविवार

काल नीरजा पुण्याला गेली. जाताना तिथीवारांचं कॅलेंडर आणून भिंतीला लावून गेली. बर्फाचा डोंगर तिनं काढून टाकला.

आज टोळी आली, झाकणं लावली. कुस्तीत हरलेल्या एकाचा कान सुजला होता, त्याच्यावर दिवसभर विनोद झाले. विराज शेजारी उभे होते. म्हणाले, "काका, तुमच्या कानामागं गुलाल आहे." मी म्हणालो, असेल. दोन दिवस मी तोंड धुतलं आहे, पण ती जागा आपली आपल्याला दिसत नाही. दिसणारं माणूस घरात लागतं.

मग पुढच्या वर्षीचा शटडाऊन संगणकात घालायला बसलो. नीरजाला फोन करून पुढच्या वर्षीची तिथी विचारली, गेनबाला जत्रा विचारली, तो आठवडा मोकळा सोडला. संगणकानं कारण विचारलं. यादीत नव्हतं, म्हणून शेऱ्याच्या रकान्यात टाईप केलं: कुरडया. त्यानं ते मुकाट्यानं घेतलं.

घरी येऊन कढईत तेल तापवलं. आईंचा डबा उघडला. पहिली कुरडई टाकताच काळी झाली. गॅस कमी केला. थोडा वेळ थांबून दुसरी सोडली. ती फुलली, पांढरी, कढईभर. झाऱ्यानं काढली, ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ली. मीठ बरोबर होतं. मग तिसरी सोडली.